प्रत्यारोपण: अवयव नाकारणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या पेशी

प्रश्न तीन पदरी आहे. रक्तगट आणि टिश्यू जुळवून बसवलेली किडनीसुद्धा शरीर का नाकारतं, हे काम नेमक्या कोणत्या पेशी करतात, आणि मोजक्या रुग्णांत औषधं बंद करूनही अवयव टिकतो तो कसा?

आधी एक खुलासा. 'रिजेक्शन', म्हणजे शरीरानं अवयव नाकारणं, हे एका आजाराचं नाव नाही. टी पेशींनी (परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) चालवलेलं रिजेक्शन, अँटिबॉडींनी (बी पेशींच्या वंशातून बनणारी, परक्या रेणूला चिकटणारी प्रथिनं) चालवलेलं रिजेक्शन आणि दोन्हींची सरमिसळ अशी ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की रक्तात साचणारा घटक) तिन्हींत वाढतं, आणि तेही बरंच नुकसान होऊन गेल्यावर. पहिल्यावर चालणारं औषध दुसऱ्यावर एकट्यानं फारसं काही करत नाही, आणि किडनीत बीके विषाणू माजला असेल तर तेच औषध उलटतं. म्हणून कोणत्या पेशीनं हल्ला केला हे ठरलं की निम्मा उपचार ठरतो.

परकेपणा इतका तीव्र का भासतो

सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांपासून बनणारे रेणू पेशींच्या पृष्ठभागावर बसतात आणि पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर दाखवतात. ए, बी आणि सी हे केंद्रक असलेल्या जवळपास सगळ्या पेशींवर असतात. डीआर, डीक्यू आणि डीपी मुख्यतः डेंड्रिटिक पेशी (परके तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या), बी पेशी आणि मॅक्रोफेज (गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) यांवर असतात. माणसात सूज आली की रक्तवाहिन्यांचं अस्तरही ते दाखवू लागतं. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक, अर्धी जुळणी चारात दोन, आणि अजिबात न जुळण्याची चारात एक.

एखाद्या नव्या विषाणूच्या ठरावीक तुकड्याला ओळखणाऱ्या टी पेशी शरीरात लाखात एक किंवा त्याहूनही कमी असतात. परक्या एचएलएला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी मात्र एकूण टी पेशींच्या १ ते १० टक्के. हा फरक हजारो पटींचा आहे, आणि प्रत्यारोपणातली जवळजवळ प्रत्येक अडचण इथून सुरू होते. कारण असं की थायमस या छातीतल्या ग्रंथीत टी पेशींची निवडच एचएलएकडे थोडा कल असलेल्या म्हणून होते. परका एचएलए रेणू त्यांना 'आपला एचएलए आणि वर परका तुकडा' यासारखा दिसतो. शिवाय प्रत्येक परका रेणू वेगवेगळे तुकडे दाखवतो, त्यामुळे एका अवयवात हजारो वेगळी लक्ष्यं तयार होतात.

बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांच्या पथकानं केलेलं किडनी प्रत्यारोपण यशस्वी झालं, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. एचएलए पूर्ण जुळलेल्या साध्या भावंडाची किडनी बसवली तरी औषधं लागतातच. एचएलएखेरीज इतर प्रथिनांतले बारीक फरकही टी पेशींना दिसतात. पुरुषाचा अवयव स्त्रीला दिल्यावर वाय गुणसूत्रावरची प्रथिनं ओळखली जातात, हे त्यातलं सर्वांत माहितीतलं उदाहरण.

टी पेशींपर्यंत ही खबर तीन वाटांनी पोचते. थेट वाटेत दात्याच्या डेंड्रिटिक पेशी अवयवासोबत येतात, काही दिवसांत तिथून निघून रुग्णाच्या प्लीहेत किंवा लसिकाग्रंथींत जातात आणि तिथे रुग्णाच्या टी पेशी त्यांना भिडतात. अप्रत्यक्ष वाटेत रुग्णाच्याच डेंड्रिटिक पेशी दात्याची प्रथिनं गिळून, त्यांचे तुकडे करून, स्वतःच्या एचएलएवर मांडतात. तिसरी वाट अलीकडे जास्त महत्त्वाची ठरली आहे: अवयवातून सुटलेल्या सूक्ष्म पिशव्यांबरोबर दात्याचे अख्खे एचएलए रेणू येतात आणि रुग्णाच्या डेंड्रिटिक पेशींवर जसेच्या तसे चिकटतात. दात्याच्या पेशी लवकर संपतात. एनके (नॅचरल किलर) या मारेकरी पेशी त्यांतल्या बऱ्याच मारून टाकतात. तरीही पहिल्या आठवड्यांत थेट प्रतिसाद जोरदार असतो, याचा उलगडा या तिसऱ्या वाटेनं होतो. अप्रत्यक्ष वाट मात्र अवयव असेपर्यंत बंद होत नाही, आणि अँटिबॉडी बनवायला बी पेशींना जी मदत लागते ती याच वाटेनं तयार झालेल्या टी पेशी देतात. पाच-दहा वर्षांनी होणाऱ्या नुकसानाची मुळं इथे असतात.

टी पेशींच्या आधी काय घडतं

मेंदूमृत्यूनंतर दात्याच्या शरीरात साइटोकाइन्सचा (पेशींमधल्या संदेशरेणूंचा) उद्रेक होतो. मग अवयव बर्फावर राहतो आणि नंतर अचानक त्यात रक्त खेळू लागतं. या घडामोडीत पेशी फुटतात आणि एचएमजीबी-१, एटीपी असे आतले रेणू बाहेर सांडतात. टीएलआर-४ सारखे संवेदक ते टिपतात, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट धावून येतात, कॉम्प्लिमेंट (रक्तातली हल्लेखोर प्रथिनांची साखळी) जागं होतं, आणि डेंड्रिटिक पेशींवर सीडी८० व सीडी८६ हे रेणू वाढतात. टी पेशीला चढाईची परवानगी देणारे हेच ते रेणू.

थंड अवस्थेतला काळ हृदयाला साधारण चार तासांच्या आत, तर किडनीला शक्यतो २४ तासांच्या आत ठेवायचा असतो. पॉल तेरासाकी यांच्या गटानं १९९५ मध्ये दाखवलं की नवरा-बायकोंनी एकमेकांना दिलेल्या किडन्या, एचएलए बरंच न जुळूनही, मृत दात्यांच्या किडन्यांपेक्षा चांगल्या टिकतात. जुळणीच्या आकड्यावर अडून बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: कमी इजा झालेला अवयव टी पेशींना कमी चिथावतो.

टी पेशींचं रिजेक्शन

टी पेशीला उठायला तीन संकेत लागतात आणि जवळजवळ प्रत्येक औषध यांतल्या एकावर बसतं. पहिला संकेत म्हणजे रिसेप्टरनं एचएलए ओळखणं; त्यानंतर पेशीत कॅल्सिन्युरिन जागं होऊन एनएफएटी हे प्रथिन केंद्रकात जातं आणि आयएल-२ हा टी पेशींना वाढवणारा संदेशरेणू बनू लागतो. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन इथे अडवतात. दुसरा संकेत सीडी२८ आणि सीडी८०/८६ यांच्या जोडणीचा. तो बेलाटासेप्ट तोडतं. तिसरा संकेत आयएल-२ आणि त्याच्या बहिणींचा, एमटॉरमार्गे पेशीला विभाजनाला लावणारा. त्यावर सिरोलिमस आणि एव्हरोलिमस. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी २० मिलिग्रॅम बॅसिलिक्सिमॅब दिलं जातं ते आयएल-२ च्या रिसेप्टरचा सीडी२५ हा भाग झाकायला. मायकोफेनोलेट या तिन्हींच्या पलीकडे, डीएनएसाठी लागणारे ग्वानिन घटक बनू न देता, विभाजनच रोखतं.

उठलेल्या सीडी८ पेशी (मारेकरी टी पेशी) परफोरिन आणि ग्रँझाइम सोडून पेशी मारतात. किडनीत त्यांच्यावर सीडी१०३ येतं, ते नलिकांच्या पेशींवरच्या ई-कॅडेरिनला पकडतं, आणि टी पेशी नलिकेच्या भिंतीत शिरतात. बायोप्सीत 'ट्यूब्युलायटिस' म्हणून दिसतं ते हेच. सीडी४ पेशी (सहायक टी पेशी) इंटरफेरॉन-गॅमा सोडून मॅक्रोफेजना बोलावतात. बायोप्सीत जमलेल्या पेशींत मॅक्रोफेजचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, आणि नंतर होणाऱ्या फायब्रोसिसमध्येही (ऊती व्रणासारखी घट्ट होणं) त्यांचा हात असतो. तरी चर्चेत मॅक्रोफेज मागेच राहतात.

किडनीचं हे निदान बॅन्फ वर्गीकरणानं होतं. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ मध्ये त्याची पहिली बैठक झाली. नमुना पुरेसा मानायला किमान १० ग्लोमेरुलाय (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ) आणि २ धमन्या हव्यात, म्हणून सुईचे दोन तुकडे घ्यावेत. मध्यम नलिकादाह (टी-२) आणि सोबत पुरेसा इंटरस्टिशियल दाह (आय-२ किंवा आय-३) असेल तर ग्रेड एक-ए. नलिकादाह तीव्र (टी-३) असेल तर एक-बी. धमनीच्या अस्तराखाली पेशी शिरल्या असतील तर ग्रेड दोन, आणि तिथे आय-टी चे आकडे कमी असले तरी फरक पडत नाही. एका धमनीतला हा दाह नजरेतून सुटला की सौम्य समजून कमी उपचार होतात. चूक सहसा इथेच होते.

पहिला उपचार मिथाइलप्रेडनिसोलोन, २५० ते ५०० मिलिग्रॅम रोज, तीन दिवस शिरेतून. क्रिएटिनिन पाच-सात दिवसांत खाली वळलं नाही, किंवा सुरुवातीलाच धमनीदाह दिसला, तर सशाच्या शरीरात तयार केलेलं, टी पेशी नष्ट करणाऱ्या अँटिबॉडींचं एटीजी, दर किलोला १.५ मिलिग्रॅम रोज, प्रतिसाद पाहून साधारण पाच ते सात दिवस, कधी त्याहून जास्त. पहिली मात्रा किमान सहा तास चालवावी, आधी स्टिरॉइड, पॅरासिटामॉल आणि अँटिहिस्टामिन द्यावं. पांढऱ्या पेशी २,००० ते ३,००० किंवा प्लेटलेट ५०,००० ते ७५,००० झाल्या की मात्रा निम्मी. त्याखाली गेल्या की थांबायचं. एटीजीनंतर सायटोमेगॅलो विषाणू आणि न्यूमोसिस्टिसविरुद्धची प्रतिबंधक औषधं पुन्हा सुरू करायला विसरलं, तर रिजेक्शनमधून वाचलेला रुग्ण दोन महिन्यांनी संसर्गानं परत येतो.

बीके विषाणूचा धोका वर आलाच आहे. त्याचा किडनीदाह सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब टी पेशींच्या रिजेक्शनसारखा दिसू शकतो. शेवटी तिथेही टी पेशीच जमलेल्या असतात, फक्त त्या विषाणूमागे आलेल्या असतात. फरक एसव्ही-४० रंगकाम आणि रक्तातली बीके पीसीआर चाचणी दाखवतात. तिथे उपचार बरोबर उलटा: प्रतिकारदमन कमी करायचं. बायोप्सीपूर्वी 'घेऊन तर बघू' म्हणून स्टिरॉइड देण्याला विरोध करावा तो यासाठीच.

स्मृतिपेशींची पीडा

प्रयोगशाळेतल्या उंदरात कायमचा स्वीकार घडवणं दशकांपूर्वीच जमलं. माणसात तेच उपाय कोसळतात, आणि याचं मोठं कारण स्मृती-टी पेशी, म्हणजे आधीच्या संसर्गांची आठवण ठेवणाऱ्या टी पेशी आहेत. निर्जंतुक पिंजऱ्यातल्या उंदराजवळ त्या थोड्या. प्रौढ माणसाजवळ आयुष्यभराच्या संसर्गांनी साठवलेल्या भरपूर. आणि विषाणूसाठी तयार झालेली स्मृतिपेशी परक्या एचएलएला चुकून ओळखू शकते. एचएलए-बी८ असलेल्या माणसात एप्स्टाइन-बार विषाणूविरुद्ध बनणाऱ्या काही टी पेशी एचएलए-बी४४:०२ वर थेट हल्ला करतात, हे रेणूपातळीपर्यंत सिद्ध झालेलं उदाहरण आहे. म्हणजे रक्त न चढवलेल्या, गरोदर न राहिलेल्या, आधी प्रत्यारोपण न झालेल्या माणसातही दात्याविरुद्धची स्मृती तयार असू शकते.

या पेशींना दुसऱ्या संकेताची गरज कमी असते. बऱ्याच जणी सीडी२८ टाकूनच देतात. त्यामुळे बेलाटासेप्टवर पहिल्या वर्षात टी पेशींचं रिजेक्शन सायक्लोस्पोरिनपेक्षा जास्त दिसलं, जरी सात वर्षांनी किडनीचं काम बेलाटासेप्ट गटात चांगलं होतं. (एप्स्टाइन-बार विषाणूचा संपर्क न झालेल्या रुग्णाला बेलाटासेप्ट देत नाहीत, लिम्फोमाचा धोका वाढतो.) एटीजीनं टी पेशी झाडून काढल्या तरी उरलेल्या पेशी रिकामी जागा भरायला विभाजित होतात, आणि त्यात स्मृतिपेशी पुढे निघून जातात. 'सगळं पुसून नव्याने सुरुवात' ही कल्पना म्हणून माणसात फसते.

अँटिबॉडी, आणि त्यामागच्या तीन वेगळ्या पेशी

गर्भारपण, रक्त चढवणं आणि आधीचं प्रत्यारोपण या तीन वाटांनी एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये दिलेली आकडेवारी आजही बोलकी आहे: क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहे का हे पाहणारी चाचणी) पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० पैकी २४ किडन्या तत्काळ निकामी झाल्या, निगेटिव्ह असताना १९५ पैकी ८. मिनिटा-तासांत काळीनिळी पडणारी किडनी आता क्वचितच दिसते ती या एका चाचणीमुळे.

आज दात्याविरुद्धची अँटिबॉडी एचएलए प्रथिनं लावलेल्या मण्यांच्या चाचणीत एमएफआय या (मण्यांची चमक मोजणाऱ्या) आकड्यात मोजतात. या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. अँटिबॉडी फार जास्त असली तर कॉम्प्लिमेंटचे तुकडे मण्यांवर साचून आकडा खोटा कमी येतो. सीरम पातळ करून किंवा ईडीटीए घालून पुन्हा तपासलं की खरं रूप दिसतं. उलट, मण्यावरचं प्रथिन उलगडलेलं असेल तर निरुपद्रवी अँटिबॉडीही पॉझिटिव्ह दिसते. रिटुक्सिमॅब हे बी पेशी मारणारं औषध दिलेल्या रुग्णाची बी पेशींवरची क्रॉसमॅच खोटी पॉझिटिव्ह येते, हे प्रयोगशाळेला आधी कळवलं नाही तर चांगला दाता हातचा जातो.

आता पेशींकडे. 'बी पेशी' असं एक नाव घेऊन चालत नाही. भोळ्या (अजून लक्ष्य न भेटलेल्या) बी पेशी लसिकाग्रंथीतल्या सहायक टी पेशींच्या मदतीनं, जर्मिनल सेंटर नावाच्या तिथल्या भागात, अँटिबॉडीसाठी तयार होतात. स्मृती-बी पेशी वर्षानुवर्षं रक्तात शांत फिरतात आणि दुसऱ्या भेटीत झपाट्यानं उठतात. आणि अस्थिमज्जेतल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी कुणाच्या आदेशाशिवाय अँटिबॉडी ओतत राहतात. रिटुक्सिमॅब सीडी२० वर चालतं आणि प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतं. रिटुक्सिमॅब देऊनही अँटिबॉडी का उतरत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी काढता येते, पण निम्म्याहून जास्त आयजीजी (अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) रक्तवाहिन्यांबाहेर असतं. एका फेरीनंतर ते एक-दोन दिवसांत आत झिरपतं, म्हणून दिवसाआड पाच-सहा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर दर किलोला १०० मिलिग्रॅम आयव्हीआयजी (रक्तदात्यांकडून मिळवलेल्या अँटिबॉडी, शिरेतून) असा क्रम लावतात. इमलिफिडेज हे एन्झाइम आयजीजीचे काही तासांत दोन तुकडे करतं आणि क्रॉसमॅच निगेटिव्ह करून प्रत्यारोपणाची खिडकी उघडतं. कारखाना मात्र चालूच असतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत अँटिबॉडी परत चढू शकते.

अँटिबॉडी अवयवाचं नुकसान दोन प्रकारे करते. एकात कॉम्प्लिमेंट पेटतं आणि त्याची खूण म्हणून केशवाहिन्यांच्या भिंतीवर सी४डी हा त्याचा तुकडा चिकटून राहतो. दुसऱ्यात एनके पेशी सीडी१६ या रिसेप्टरनं अँटिबॉडीचं शेपूट पकडतात आणि वाहिनीच्या अस्तरावर विष सोडतात. दुसऱ्या प्रकारात सी४डी निगेटिव्ह असतं, म्हणून 'सी४डी नाही, म्हणजे अँटिबॉडी नाही' हा निष्कर्ष चुकीचा. केशवाहिन्या आणि ग्लोमेरुलायमधला दाह (त्यांच्या बॅन्फ गुणांची, म्हणजे पीटीसी आणि जी यांची, बेरीज २ किंवा जास्त) हा जास्त भरवशाचा धागा आहे. एनके पेशी अँटिबॉडीशिवायही चिडू शकतात: अवयवावर रुग्णाच्या स्वतःच्या एचएलए-सीसारखा रेणू नसेल तर त्यांना थांबवणारा संकेत मिळत नाही. दात्याविरुद्ध अँटिबॉडी सापडत नाही, सी४डी नाही, तरी सूक्ष्मवाहिन्यांत दाह आहे, अशा बायोप्सींना २०२२ च्या बॅन्फ सुधारणेत वेगळा कप्पा मिळाला तो या निरीक्षणांनंतर.

नव्यानं तयार होणाऱ्या अँटिबॉडी बहुधा डीक्यूविरुद्ध असतात आणि त्यांच्या मागे बहुधा चुकलेल्या गोळ्या असतात. जुनाट, चालू अवस्थेतल्या अँटिबॉडी रिजेक्शनवर खात्रीचा उपाय फार काळ नव्हता. बॉर्टेझोमिबनं उशिराच्या प्रकारात फायदा दाखवला नाही. २०२४ मध्ये फेल्झार्टामॅबची २२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे औषध सीडी३८ वर चालतं, आणि सीडी३८ प्लाझ्मा पेशींवर असतं तसंच एनके पेशींवरही. बायोप्सीतला दाह औषध घेणाऱ्या ११ पैकी ९ जणांत मावळला, तर प्लासिबो गटात १० पैकी २. चाचणी लहान आहे आणि औषध थांबल्यावर काही जणांत दाह परतला. तरी दिशा बरोबर वाटते, कारण बनवणारी आणि मारणारी अशा दोन्ही पेशी एका निशाण्यात येतात.

स्वीकार घडवणाऱ्या पेशी

अवयव शांत असतो तेव्हाही प्रतिकारसंस्था कामातच असते. नियामक टी पेशी, म्हणजे टी-रेग, सीडी४ आणि सीडी२५ धारण करतात आणि फॉक्सपी३ या जनुकावर चालतात. या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. टी-रेग आपल्या सीटीएलए-४ नं डेंड्रिटिक पेशीवरचे सीडी८०/८६ अक्षरशः खुडून आत घेतात, म्हणजे दुसरा संकेत द्यायला काही उरत नाही. शेजारचं आयएल-२ पिऊन टाकतात. आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा सोडतात.

गोम अशी की टी-रेग स्वतः आयएल-२ बनवत नाहीत; दुसऱ्यांनी बनवलेल्यावर जगतात. टॅक्रोलिमस ते आटवतं, बॅसिलिक्सिमॅब त्यांचं सीडी२५ काही आठवडे झाकतं, आणि बेलाटासेप्ट सीडी२८ बरोबरच सीटीएलए-४ चीही जागा अडवतं. आपली नेहमीची औषधं हल्लेखोरांबरोबर रखवालदारांनाही उपाशी ठेवतात. एमटॉर रोखणारी औषधं टी-रेगना त्यामानानं कमी त्रास देतात, पण त्यांच्यावर रिजेक्शन आणि जखम न भरण्याच्या तक्रारी जास्त, म्हणून सुरुवातीला कुणी त्यांच्या भरवशावर राहत नाही.

रुग्णाच्याच टी-रेग काढून, वाढवून, परत देण्याचे प्रयोग झाले. 'द वन स्टडी' या चाचण्यांत किडनीच्या रुग्णांना दर किलोला साधारण ५ लाख ते १ कोटी पेशी दिल्या गेल्या. त्या सुरक्षित ठरल्या आणि काहींची औषधं एकावर आणता आली. आता एचएलए-ए२ ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर लावलेल्या टी-रेग चाचण्यांत आहेत. दाता ए२ धारक आणि रुग्ण ए२ नसलेला, अशाच जोडीत त्या उपयोगी. यकृताच्या रुग्णांत कमी मात्रेचं आयएल-२ देऊन शरीरातच टी-रेग वाढवून पाहिल्या. रक्तात त्या वाढल्या, पण यकृतात इंटरफेरॉन-गॅमाचा दाहही वाढला आणि औषधं थांबवता आली नाहीत. रक्तातली टी-रेगची मोजणी पाहून निर्णय घेऊ नये, हे मी या प्रयोगाच्या आधारावर ठामपणे म्हणतो.

दुसरी यंत्रणा थकव्याची. वर्षानुवर्षं तेच लक्ष्य समोर असेल तर टी पेशींवर पीडी-१ सारखे ब्रेक वाढतात आणि त्या ढिल्या पडतात. हे केवळ तर्क नाही. किडनी बसवलेल्या रुग्णाला कर्करोगासाठी पीडी-१ रोखणारं औषध दिलं की सुमारे ४० टक्के जणांत रिजेक्शन होतं, पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच आणि किडनी घालवणारं. म्हणजे तोवरच्या स्वीकारात त्या ब्रेकचा मोठा वाटा होता.

तिसरी, सर्वांत मूलगामी वाट म्हणजे मिश्र मज्जा: रुग्णाच्या शरीरात दात्याच्याही रक्तपेशी नांदणं. रे ओवेन यांनी १९४५ मध्ये पाहिलं की गर्भात रक्ताभिसरण सामाईक असलेली जुळी वासरं एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर बाळगतात. बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावर यांनी १९५३ मध्ये उंदरांच्या गर्भात परक्या पेशी टोचून तीच सहनशीलता मुद्दाम घडवली. माणसात किडनीबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जा देण्याचा प्रयोग २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटानं प्रसिद्ध केला: एचएलए अर्धं जुळणाऱ्या ५ पैकी ४ रुग्णांत औषधं थांबली. दात्याच्या पेशी काही आठवड्यांत नाहीशा झाल्या, तरी किडनी टिकली. किंमत मात्र जड आहे: मज्जेची जागा करायला किरणोत्सर्ग किंवा केमोथेरपी, आणि मज्जा टिकलीच तर दात्याच्या टी पेशींनी रुग्णावर उलटण्याची भीती.

अवयवागणिकही फरक आहे. यकृत सर्वांत सोशिक. किडनी आणि हृदय मधले. फुप्फुस आणि आतडं सर्वांत कठीण, कारण त्यांत स्वतःची भरपूर लसिकाऊती असते आणि बाहेरच्या जंतूंशी रोजचा संबंध येतो. डुकरांत यकृत औषधांशिवाय टिकतं हे रॉय कॅल्न यांच्या गटानं १९६९ मध्येच दाखवलं होतं.

रोजच्या व्यवहारात

बहुतेक किडनी टॅक्रोलिमसच्या पातळीवर टिकतात किंवा जातात. पहिल्या तीन महिन्यांत साधारण ८ ते १२, नंतर ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिली अशी ट्रफ (पुढच्या मात्रेआधीची, सर्वांत कमी) पातळी बऱ्याच केंद्रांत धरतात. नमुना सकाळच्या गोळीआधी, म्हणजे आदल्या मात्रेनंतर १२ तासांनी घ्यायचा. दिवसातून एकदाच्या गोळीसाठी २४ तासांनी. गोळी घेऊन आलेल्या रुग्णाची पातळी १८ दिसते, कुणीतरी मात्रा कमी करतं, आणि तीन आठवड्यांनी रिजेक्शन येतं. हा अपघात पूर्ण टाळता येण्यासारखा आहे.

टॅक्रोलिमस मोडणारं सीवायपी३ए५ एन्झाइम बनवणाऱ्यांना दीड ते दोन पट मात्रा लागते. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम आणि ग्रेपफ्रूट पातळी चढवतात. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन पाडतात. जुलाब झाले तर पातळी पडेल असं वाटतं, प्रत्यक्षात बहुतेकदा चढते, कारण औषध मोडणारं आतड्याचं अस्तरच दुखावलेलं असतं. सरासरी पातळी ठीक पण वरखाली ३० टक्क्यांहून जास्त, असा रुग्ण सतत थोड्या कमी पातळीवर असणाऱ्यापेक्षा मला अधिक काळजीचा वाटतो: पातळी कोसळलेल्या प्रत्येक दोन-चार दिवसांत सहायक टी पेशींना बी पेशींशी बोलायला वेळ मिळतो.

मरणाऱ्या पेशींतून सुटलेलं दात्याचं मुक्त डीएनए रक्तात मोजणारी चाचणी आता बऱ्याच ठिकाणी मिळते. प्रमाण ०.५ टक्क्याखाली असेल तर अँटिबॉडीचं रिजेक्शन असण्याची शक्यता कमी होते. १ टक्क्याच्या वर असेल तर बायोप्सी करावी. पेशी मरत आहेत एवढंच ती सांगते, कोण मारतंय हे सांगत नाही, आणि सौम्य टी पेशींचं रिजेक्शन तिच्या हातून निसटू शकतं.

राहिला औषधं बंद करण्याचा प्रश्न. यकृताच्या निवडक रुग्णांत, म्हणजे प्रत्यारोपणाला बरीच वर्षं झालेली, तपासण्या स्थिर, मूळ आजार स्वयंप्रतिकारक नाही आणि बायोप्सीत दाह नाही अशांत, साधारण २० ते ४० टक्के जणांना ती बंद करता आली आहेत. मात्रा कित्येक महिन्यांत पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायची, दोन ते चार आठवड्यांनी यकृताच्या तपासण्या करायच्या, आणि आकडे चांगले असले तरी पुढे बायोप्सी करायची, कारण लक्षणांशिवाय फायब्रोसिस वाढू शकतो. यकृत चिडलं तर औषध परत सुरू केल्यावर ते बहुधा सावरतं. किडनीला ही सवलत नाही. औषधं सोडूनही टिकलेल्या किडनीच्या दुर्मीळ रुग्णांत भोळ्या आणि नवजात बी पेशींचं प्रमाण जास्त आढळलं आहे, पण त्यावरून दुसऱ्या कुणाची गोळी बंद करता येईल इतकी ती खूण पक्की नाही. चाचणीबाहेर किडनीची औषधं थांबवली की डीक्यूविरुद्धची अँटिबॉडी उगवते, आणि ती एकदा प्लाझ्मा पेशींच्या रूपानं मज्जेत बसली की गोळ्या पुन्हा सुरू करून ती मागे घेता येत नाही.